आग विझली... पुढे काय?

मित्रहो, आग लागल्यावर काय करायचं हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. लिफ्ट वापरू नका, नाकावर ओला रुमाल धरा, वाकून चाला, १०१ ला फोन करा. फायर एक्स्टिंग्विशरचे प्रकारही आपण फर्स्ट इयरला पाठ केले आणि पेपर झाल्यावर इमानदारीत विसरलो. पण आग विझल्यानंतर काय करायचं हे मात्र कुणी शिकवत नाही. बंब निघून गेला, बघे पांगले, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला की आपल्या लेखी विषय संपला. ज्यांचं ते ऑफिस, वर्कशॉप किंवा लॅब असते त्यांचा विषय तिथून सुरू होतो. समोर काळ्याकुट्ट भिंती, घोट्याएवढं पाणी, वितळलेल्या वायरी आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न : काम परत कधी सुरू होणार?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, ईएनटीसी, केमिकल अशा सगळ्याच ब्रँचला हात लावावा लागतो, म्हणून हा लेख. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, तेव्हा थोडं 'मिक्स' लागेल. सांभाळून घ्या!)

एका टेलिफोन एक्स्चेंजची गोष्ट

२७ फेब्रुवारी १९७५. न्यूयॉर्कमधल्या मॅनहटन भागात सेकंड अव्हेन्यू आणि तेराव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर न्यूयॉर्क टेलिफोन कंपनीची अकरा मजली इमारत होती. मध्यरात्र उलटून थोडा वेळ झाला असेल, तेव्हा तिच्या तळघरातल्या केबल व्हॉल्टमध्ये आग लागली. केबल व्हॉल्ट म्हणजे रस्त्याखालून येणाऱ्या सगळ्या टेलिफोन केबल इमारतीत शिरतात ती जागा. ही आग विझवायला सुमारे ७०० जवान आणि सोळा तासांहून अधिक वेळ लागला. जवळपास ३०० ब्लॉकच्या परिसरातले सुमारे १ लाख ७० हजार फोन मुके झाले. हॉस्पिटल, पोलीस चौक्या, दुकानं, घरं, सगळं बंद. तेव्हा मोबाइल नव्हता, त्यामुळे फोन गेला म्हणजे खरोखरच संपर्क तुटला.

आपल्या पिढीने लँडलाइन फक्त आजीकडे पाहिलेला असतो, म्हणून थोडं एक्स्चेंजबद्दल सांगते. प्रत्येक घरातून तांब्याच्या तारांची एक जोडी एक्स्चेंजमध्ये येते. अशा हजारो जोड्या एका प्रचंड लोखंडी सांगाड्यावर बांधलेल्या असतात, त्याला मेन डिस्ट्रिब्युशन फ्रेम म्हणतात. तिथून प्रत्येक जोडी वरच्या मजल्यांवरच्या स्विचिंग यंत्रांकडे जाते. कुणाचा कॉल कुणाला जोडायचा, हे ती यंत्रं ठरवतात. १९७५ साली ती बरीचशी यांत्रिक होती. लाखो छोटे रिले, आणि प्रत्येक रिलेला बारीक काँटॅक्ट.

या आगीत तळघरातल्या केबल आणि खालच्या मजल्यावरची ती फ्रेम जळून गेली. वरची बरीच स्विचिंग यंत्रं मात्र ज्वाळेपासून वाचली. एखाद्याला वाटेल, चला, निम्मं काम सोपं झालं. पण खरी गंमत इथेच आहे. त्या यंत्रांपर्यंत ज्वाळा पोचल्या नव्हत्या, धूर पोचला होता.

काजळीच्या आत ॲसिड

धूर भिंतीवर बसला की काजळी होते, आणि काजळी म्हणजे काळी धूळ, असा आपला सर्वसाधारण समज असतो. चुलीवरच्या भांड्याची काजळी राखेने घासली की जाते, तशी ही पण जाईल असं वाटतं. पण चुलीत लाकूड जळतं आणि ऑफिसमध्ये प्लास्टिक जळतं.

केबलचं आवरण बहुधा पीव्हीसीचं असतं. पीव्हीसीचं एक युनिट घ्या : दोन कार्बन, तीन हायड्रोजन, एक क्लोरीन. एकूण वजन ६२.५, त्यातलं ३५.५ एकट्या क्लोरीनचं. म्हणजे शुद्ध पीव्हीसीच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीन झालं! दोनशे-तीनशे अंश सेल्सिअसला हे क्लोरीन हायड्रोजनला घेऊन हायड्रोजन क्लोराइड वायूच्या रूपात बाहेर पडतं. या वायूला हवेतली वाफ किंवा बंबाचं पाणी मिळालं की तयार होतं हायड्रोक्लोरिक ॲसिड. केमिस्ट्री लॅबमध्ये जे आपण जपून पिपेटने घेतो, तेच धुरासोबत अख्ख्या इमारतीत फवारलं जातं.

काजळीचे कण फार बारीक असतात आणि गरम हवेकडून थंड पृष्ठभागाकडे सरकतात. म्हणून ते पत्र्याच्या पॅनलवर, स्क्रूच्या डोक्यांवर आणि बंद कपाटाच्या आतसुद्धा जाऊन बसतात. बसताना ते क्लोराइड बरोबर नेतात. मग तीन गोष्टी घडतात. एक, धातू गंजायला लागतो. दोन, जी.आय. पत्र्यावरच्या जस्ताचं झिंक क्लोराइड होतं, जे हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे पत्रा पुसला तरी पुन्हा ओलसर होतो. तीन, काजळीतला कार्बन वीजवाहक असल्यामुळे ज्या दोन टर्मिनलमध्ये करंट जायला नको तिथे तो थोडा थोडा जायला लागतो.

म्हणजे बंब परत गेला तरी नुकसान चालूच असतं, फक्त त्याला ज्वाळा नसतात. हा गंज हवेतल्या आर्द्रतेवर जगतो. आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली आणली की त्याचा वेग खूप मंदावतो. आपल्याकडे जुलै महिन्यात कोकणात किंवा मुंबईत आर्द्रता सहज ८० च्या वर असते. तेव्हा आपल्याकडे आग पावसाळ्यात लागली तर घड्याळ आणखी जोरात पळतं. म्हणून जाणकार लोक साफसफाईच्या आधी डिह्युमिडिफायर लावतात. आधी हवा कोरडी, मग हात लावायचा.

तीन आठवडे, कापसाच्या काड्या आणि टूथब्रश

परत न्यूयॉर्कला जाऊ. कंपनीने दोन कामं एकाच वेळी सुरू केली. खाली जळालेल्या केबल तोडून नवीन टाकायच्या आणि नवी डिस्ट्रिब्युशन फ्रेम उभारायची. वर धुरकटलेली यंत्रं साफ करायची. तोपर्यंत लोकांची अगदीच अडचण नको म्हणून रस्त्यावर तात्पुरते फोन ठेवले. सुमारे ४,००० माणसं चोवीस तास पाळ्यांमध्ये राबली.

वरच्या मजल्यांचं काम वाचायला साधं वाटतं, पण विचार करा. लाखो रिले, आणि त्यातला एक काँटॅक्ट खराब राहिला तरी कुणाचा तरी कॉल लागणार नाही. पाइपने पाणी मारून हे साफ होणार नव्हतं. माणसं सॉल्व्हंटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काड्या आणि टूथब्रश घेऊन बसली आणि एकेक भाग हाताने साफ करत गेली. आपण कान साफ करायला वापरतो ना, त्याच काड्या. जगातल्या सर्वात मोठ्या टेलिफोन कंपनीचं एक्स्चेंज वाचवायला शेवटी हेच हत्यार कामी आलं!

आग लागल्यापासून साधारण तीन आठवड्यांत फोन पुन्हा सुरू झाले. या कामावर कंपनीने माहितीपट काढला, त्याचं नाव 'मिरॅकल ऑन सेकंड अव्हेन्यू'. इंजिनिअरिंग म्हणून तो पराक्रम होता यात शंकाच नाही. पण त्या चमत्काराची दुसरी बाजू आहे. तिच्याकडे मी शेवटी येते.

इमारत काय सांगते?

जळालेल्या जागी पहिला पाय कुणी ठेवायचा? साफसफाईवाल्याने नक्कीच नाही. आधी अग्निशमन दलाने जागा सुरक्षित म्हणायला हवी, वीज मेनपासून तोडलेली हवी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरने छत पाहायला हवं.

आपल्या सिव्हिलच्या मित्रांना माहीत असेल, काँक्रीट स्वतः थर्मामीटरचं काम करतं. साधारण ३०० अंशाच्या पुढे गेलं की खडीत लोह असलेलं काँक्रीट गुलाबी किंवा लालसर होतं. ६०० च्या आसपास राखाडी, ९०० च्या पुढे पिवळट. गुलाबी दिसलं की समजायचं, इथे ताकद घटायला सुरुवात झाली आहे. मग गुलाबी थर किती खोल गेला आहे ते छिन्नीने फोडून किंवा कोअर काढून बघतात. हातोडीने ठोकल्यावर खणखणीत आवाज आला तर बरं, भद्द आवाज आला तर आत पोकळी आहे. त्याच्या जोडीला रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक टेस्ट आहेतच. स्टीलचं वेगळं. साडेपाचशे-सहाशे अंशाला त्याची ताकद निम्म्यावर येते, पण थंड झाल्यावर साध्या हॉट रोल्ड स्टीलची बरीच ताकद परत येते. म्हणून वाकलेला बीम बदलावा लागतो आणि सरळ राहिलेला नुसता काळा बीम तपासणीनंतर बहुतेक वेळा ठेवता येतो. रंग बघून घाबरायचं नाही आणि रंग बघून निश्चिंतही व्हायचं नाही.

एक गोष्ट आपल्याकडच्या शेडसाठी खास. जुन्या वर्कशॉपवर सिमेंटचे पत्रे असतात आणि त्यात ॲस्बेस्टॉस असतं. आगीत हे पत्रे तडतडून फुटतात आणि त्यांचे बारीक तंतू हवेत उडतात. ते फुप्फुसात गेले की आयुष्यभर निघत नाहीत. त्यामुळे फुटलेल्या पत्र्यांवर कधीही कोरडा झाडू मारू नये. पाणी शिंपडून, योग्य मास्क लावून, ते तुकडे वेगळे बांधावे.

भिजलेले कागद

यंत्र नवीन घेता येतं. फाइल नवीन घेता येत नाही. २१ जून २०१२ ला मुंबईत मंत्रालयाला आग लागली, ती चौथ्या मजल्यावर सुरू झाली आणि वरचे मजले जळाले. त्यात पाच जणांचा जीव गेला आणि कितीतरी फायलींची राख झाली. त्या पुन्हा उभ्या करायला इतर कार्यालयांतल्या प्रती गोळा कराव्या लागल्या. एखाद्याच्या जमिनीचा, पेन्शनचा, बदलीचा निर्णय अशा एका फायलीत अडकलेला असतो, म्हणून हा 'नुसता कागद' नसतो.

याचं सर्वात मोठं उदाहरण अमेरिकेतल्या सेंट लुईसचं आहे. १२ जुलै १९७३ ला तिथल्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरच्या सहाव्या मजल्याला आग लागली. माजी सैनिकांच्या १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली जळाल्या. ज्या वाचल्या त्यातल्या बऱ्याच बंबाच्या पाण्याने चिंब झाल्या होत्या. उन्हाळ्याचे दिवस, ओला कागद, म्हणजे दोन दिवसांत बुरशी. ती रोखायला त्यांनी थायमॉल फवारलं. (हे थायमॉल आपल्या ओव्यातही असतं. आजीला सांगा, तिचं बरोबर होतं!) मग फायली प्लास्टिकच्या दुधाच्या क्रेटमध्ये भरून मॅकडॉनेल डग्लस कंपनीच्या व्हॅक्यूम चेंबरमध्ये नेल्या. हे चेंबर मुळात अंतराळातली परिस्थिती तयार करण्यासाठी होतं. एका वेळी सुमारे २,००० क्रेट आत जायचे आणि एका खेपेत सुमारे ८ टन पाणी निघायचं.

यामागचं तत्त्व आपण थर्मोडायनॅमिक्सला शिकलो आहोत. दाब कमी केला की पाणी कमी तापमानाला वाफ होतं. दाब ६११ पास्कलच्याही खाली गेला तर बर्फाची थेट वाफ होते, मध्ये पाणी होतच नाही. पाणी झालं नाही म्हणजे शाई पसरत नाही आणि पानं चिकटत नाहीत. म्हणून आज भिजलेली महत्त्वाची कागदपत्रं आधी गोठवतात आणि मग व्हॅक्यूममध्ये वाळवतात. गोठवल्यावर बुरशी थांबते आणि विचार करायला वेळ मिळतो. सेंट लुईसमध्ये अशा धडपडीतून सुमारे ६५ लाख फायली काही प्रमाणात वाचल्या. ज्यांच्या गेल्या त्यांची माहिती पगाराच्या पावत्यांसारख्या दुसऱ्या नोंदींवरून जुळवावी लागते. मग सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल भिजलं, तर ते हेअर ड्रायरने भाजू नका. मेसच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवायची परवानगी मिळते का ते बघा!

झाडू घेणारा हात

आता त्या दुसऱ्या बाजूकडे येते. इनप्लांट ट्रेनिंगला मी एका छोट्या युनिटमध्ये जात होते. मी जायच्या महिनाभर आधी तिथल्या स्टोअरमध्ये छोटी आग लागली होती. शेजारच्या खोलीतल्या कंट्रोल पॅनलना काहीच झालं नव्हतं, म्हणून सगळे खूश. साफसफाई मामांनी केली होती. तोंडाला रुमाल, हातात ओलं फडकं, पायात स्लीपर. मी गेले तेव्हा काँटॅक्टरवर हिरवट थर चढला होता आणि पॅनल वरचेवर ट्रिप होत होतं. त्याची चर्चा रोज व्हायची, मीटिंगही झाली. मामांना महिनाभर खोकला होता, त्याची चर्चा कुणी केली नाही. विचारलं तर म्हणाले, "अहो ताई, काळं होतं ते पुसलं, त्यात काय एवढं?"

न्यूयॉर्कमध्येही हेच झालं. त्या रात्री कुणाचा जागेवर मृत्यू झाला नाही, पण दोनशेहून अधिक जवान धुराने वगैरे जखमी झाले. नंतरच्या वर्षांत त्यांच्यातल्या अनेकांना कॅन्सर आणि फुप्फुसाचे आजार झाले. त्या आगीवर गेलेल्यांच्या मेडिकल फायलींवर लाल ताऱ्याचा शिक्का मारला होता असं ते जवान सांगत. पण त्यांची पद्धतशीर तपासणी पुढे झाली नाही, ही त्यांची तक्रार राहिली. फोन किती दिवसांत सुरू झाले याचा हिशोब सगळ्यांना पाठ आहे. माणसांचा हिशोब तितक्या काळजीने कुणी ठेवला नाही.

म्हणून मला वाटतं, काम पुन्हा सुरू करण्याच्या यादीत पहिला नंबर मशीनचा नसावा, झाडू घेणाऱ्या हाताचा असावा.

मग नेमकं करायचं काय?

समजा, उद्या आपल्या लॅबमध्ये किंवा तुमच्या पहिल्या नोकरीत ही वेळ आली, तर क्रम साधारण असा ठेवा :

१. परवानगी मिळेपर्यंत आत जाऊ नका. वीज बंद आहे याची खात्री इलेक्ट्रिशियनने टेस्टर लावून करावी, तोंडी सांगण्यावर जाऊ नये.

२. काहीही हलवण्याआधी फोटो काढा. पंचनामा आणि विम्याचा सर्व्हेअर या दोघांनाही जागा जशी होती तशी दिसली पाहिजे. उत्साहाच्या भरात अर्धं सामान बाहेर काढलं तर क्लेम अडकतो.

३. साफ करणाऱ्या प्रत्येकाला हातमोजे, चष्मा, बूट आणि चांगला मास्क द्या. रुमालाने काजळी अडत नाही. एन-९५ ने कण अडतात, वायू अडत नाही. उग्र वास येत असेल तर कार्ट्रिजवाला मास्क लागतो. त्या जागेत जेवायचं नाही, चहा प्यायचा नाही, आणि ते कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत.

४. पाणी उपसा, हवा कोरडी करा. हवा खेळवायला पंखा लावण्याआधी सुटी काजळी काढून घ्या, नाहीतर ती न जळलेल्या खोल्यांत जाईल.

५. ओला पोचारा सर्वात शेवटी. काजळीवर ओलं फडकं फिरवलं की ती रंगात आणि प्लास्टरमध्ये मुरते. आधी हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमने ओढायची, मग रबराच्या कोरड्या स्पंजने टिपायची. कोरडं काम वरून खाली करायचं. नंतर सौम्य अल्कलाइन साबणाने भिंत धुताना खालून वर जायचं, म्हणजे ओघळांचे डाग पडत नाहीत.

६. "चालू होतंय का बघू" म्हणून कुठलंही मशीन किंवा कॉम्प्युटर चालू करू नका. हा मोह सर्वात महाग पडतो. ओलावा आणि काजळी असताना सप्लाय दिला की वाचलेला बोर्डही जातो. आधी उघडायचं, साफ करायचं, डीआयोनाइज्ड पाणी किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवायचं, पूर्ण वाळवायचं, मेगरने इन्सुलेशन तपासायचं आणि मग सप्लाय.

७. आपण विझवताना उडवलेली पांढरी पावडरही काढा. एबीसी एक्स्टिंग्विशरमधलं अमोनियम फॉस्फेट ओलावा धरतं आणि धातू खातं. आग अगदी छोटी असली तरी ही पावडर मागे राहतेच.

८. जे वाचणार नाही त्याची यादी करून सोडून द्या. जळालेली वायर 'थोडी बरी आहे' म्हणून टेप मारून वापरली, तर पुढच्या आगीचं बी आपणच पेरतो.

मित्रहो, आपण सगळे डेडलाइनवर जगणारी माणसं आहोत. सबमिशन असो की प्रॉडक्शन, 'लवकर चालू करा' हे वाक्य आपल्याला आयुष्यभर ऐकायचं आहे. न्यूयॉर्कच्या इंजिनिअरांनी दाखवून दिलं की घाईतही नीट काम करता येतं, टूथब्रश घेऊन बसायची तयारी असेल तर. पण घाईत कुणाच्या फुप्फुसातून किंमत वसूल होते आहे, हेही बघायची जबाबदारी इंजिनिअरचीच आहे, कारण काजळीत ॲसिड असतं हे त्याला माहीत असतं. मामांना ते कुणी सांगितलेलं नसतं.

तेव्हा उद्या तुम्ही साइट इन्चार्ज व्हाल, तेव्हा पहिला मास्क कुणाला द्यायचा हे लक्षात ठेवा. आणि आपल्या हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एक्स्टिंग्विशर टांगलेला आहे, त्यावरची तारीख आज जेवायला जाताना एकदा वाचा. उलटून गेली असेल तर रेक्टर सरांना सांगा. आग लागलीच नाही तर हा सगळा लेख वाया जाईल, आणि तसं झालं तर मला मनापासून आनंदच होईल!